पेपर खरा, पण बाप कोण?

मुंबईत लॅब्रेडोर किंवा बीगलचं पिल्लू घ्यायला निघालात की पहिला प्रश्न येतो, "विथ पेपर पाहिजे की विदाउट?" पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणीपत्र. त्यावर आईबाप, आजी-आजोबा सगळ्यांची नावं असतात, आणि त्या नावांसाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो. पण नोंद होते ती ब्रीडरने भरलेल्या अर्जावरून. त्याने बाप म्हणून चॅम्पियनचं नाव घातलं आणि मेटिंग दुसऱ्याच नराशी करवलं, तर कागद ते कसं ओळखणार?

मायक्रोचिपही ओळखत नाही. कातडीखालची तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप 15 अंकी क्रमांक सांगते. कुत्रा कोणता ते कळतं, कोणाचा ते नाही.

ते डीएनएवरून कळतं. गालाच्या आतून स्वॉब फिरवला की पुरेशा पेशी मिळतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच छोटा तुकडा ओळीने अनेकदा येतो आणि तो किती वेळा येतो हे कुत्र्यागणिक बदलतं. अशा प्रत्येक ठिकाणी पिल्लाकडे दोन आकडे असतात, एक आईचा, एक बापाचा. समजा आईचे 12 आणि 14, पिल्लाचे 12 आणि 17. म्हणजे 17 बापाकडूनच आला. कागदावरच्या बापाकडे 15 आणि 16 असतील तर संशय पक्का होत जातो. एका ठिकाणची तफावत उत्परिवर्तनामुळेही, म्हणजे डीएनएत आपोआप झालेल्या बदलामुळेही, येऊ शकते, म्हणून अशी बरीच ठिकाणं तपासतात. दोन सख्खे भाऊ संशयित असतील, किंवा पिढ्यानपिढ्या नात्यातच मेटिंग झालं असेल, तर आकडे इतके सारखे निघतात की आणखी ठिकाणं तपासावी लागतात.

एकाच पिल्लाची तपासणी करून भागत नाही. माजावरच्या कुत्रीला दोन नर लागले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. शिवाय ही चाचणी नातं सांगते, जात नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याचे आईबापही ती तितक्याच अचूकपणे जुळवेल. आणि स्वॉब ब्रीडरनेच घेतला तर तो कोणाच्या तोंडातला, हे कोण सांगणार? परळचं बैलघोडा हॉस्पिटल असो की नाक्यावरचा व्हेट, नमुना त्रयस्थाने, चिप स्कॅन करून घेतलेला हवा.

मला यात बापापेक्षा आईची काळजी जास्त वाटते. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार एका कुत्रीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं काढता येत नाहीत. तिची पिल्लं दुसऱ्या मादीच्या नावावर चढवली की सहावं, सातवं वेत कागदावर दिसतच नाही. पिल्लांचे आकडे मात्र त्याच आईकडे बोट दाखवतात.