पेट्रोल महागलं म्हणून सायकल काढताय? आधी हे वाचा

पुण्यात २०२१ मध्ये पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली. तेव्हापासून भाववाढीची नुसती कुजबुज झाली तरी दुकानात विचारणा सुरू होते, "आता सायकलच घ्यावी म्हणतोय, कुठली देता?" आमचं पोट सायकलींच्या विक्रीवर आहे, तरी पहिलं उत्तर ठरलेलं असतं: घरात जुनी पडली असेल तर आधी ती घेऊन या.

हिशेब करून बघा. कोथरूड ते कॅम्प जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. गर्दीत स्कूटर लिटरला ४५ देते असं धरू, पेट्रोल १०४ रुपये. रोजचे ३७ रुपये, पंचवीस दिवसांचे सव्वानऊशे. वीस हजारांची नवी सायकल नुसत्या पेट्रोलमधून वसूल व्हायला दोन वर्षांच्या आसपास लागतात. पार्किंगमधल्या जुन्या सायकलला टायर-ट्यूब, चेन, ब्रेक शू घालून ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं खोलून साफसफाई आणि तेलपाणी, केलं तर ते पैसे दोन-तीन महिन्यांत सुटतात. सहा महिने तीच चालवा. सवय टिकली तर नवीन घ्या, आम्ही कुठे पळून जात नाही.

आणि स्कूटर विकू नका. आईला दवाखान्यात न्यायचं असतं, रात्री अकराला स्टेशनवर कुणाला तरी आणायला जायचं असतं. सगळं सायकलवरच करायचं असा पण करणारे महिनाभरात सायकल परत पार्किंगला लावतात. भाजी, बँक, क्लास, पाच-सात किलोमीटरवरचं ऑफिस एवढंच सायकलवर आणा. स्कूटरला सगळ्यात कमी ॲव्हरेज याच फेऱ्यांत मिळतं, कारण इंजिन तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो. कोथरूडहून रोज हिंजवडी मात्र भलतं लांब पडतं. ते करायचंच असेल तर ई-सायकल बघा. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असेल तर नोंदणी लागत नाही.

जुनी सायकल आणायच्या आधी

टायर बाजूने अंगठ्याने दाबून वाकवा. बारीक भेगा दिसल्या तर वरची नक्षी कितीही कोरी असली तरी ते टायर बाद. मग टायरच्या कडेला उठावाचे आकडे असतात, त्यांचा फोटो काढून आणा. "सव्वीसचं टायर द्या" म्हणून भागत नाही. २६ × १⅜ वर ३७-५९० असतं आणि २६ × १.९५ वर ५०-५५९. दोन्ही सव्वीसच, पण रिमच्या व्यासात ३१ मिलिमीटरचा फरक. एकाचं टायर दुसऱ्यावर चढत नाही. आजोबांची काळी २८ × १½ असेल तर तिचीही टायरं अजून मिळतात. गिअर नसल्याने चढावर उतरावं लागतं, पण पेठांमधून भाजी आणायला ती अजून फर्स्टक्लास आहे.

बसायचं कसं

गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेले बरेच जण येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची सीट तीन-चार बोटं खाली असते. सिग्नलला दोन्ही पाय टेकायला हवेत म्हणून ती खाली ठेवलेली असते. पाय टेकायला सीटवरून पुढे उतरायचं असतं, बसल्या जागी टेकायचे नसतात. माप सोपं आहे. टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. सीटच्या दांडीवर मर्यादेची रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. सोफ्यासारखी मऊ जेल सीट आम्ही मागितली तर देतो, पण सुचवत नाही. दहा मिनिटं बरी वाटते, तासाभराने मांड्या घासतात.

हवा आठवड्यातून एकदा. ट्यूब चांगली असली तरी हवा हळूहळू कमी होतच असते. ३५ मिलिमीटरचं टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर मागे ५५-६०, पुढे ४५-५० पीएसआय पुरे. टायरवर छापलेला आकडा कमाल असतो, तो गाठायचाच असं नाही. अंगठ्याने दाबून "आहे हवा" म्हणू नका. घरात उभा पंप आणि त्यावर काटा असू द्या.

घामाची तक्रार सगळ्यांची असते. पाठीवरची सॅक काढून कॅरिअरला बांधा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. उरलेला निम्मा हलका गिअर लावून सावकाश गेल्याने. ऑफिसला जाताना शर्यत लावायची नाही. मागचा लाल दिवा मात्र दिवसाही चालू ठेवा. विनादिव्याच्या सायकलला पोलीस अडवायचे तो जमाना गेला, पण मागून येणारी बस तेव्हापेक्षा मोठी झालीय.

चेन

या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं की खर्च तिप्पट होतो. चेन झिजते म्हणजे तिचे सांधे सैल होऊन ती लांबते, आणि लांबलेली चेन फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दाते खाते. घरच्या घरी मोजता येतं. इंचांची स्टीलची फूटपट्टी घ्या, चेन ताणलेली असू द्या, एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. बारा इंचांवर बरोबर दुसरी पीन यायला हवी. ती रेघेच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर बहुधा फ्रीव्हीलही बदलावं लागेल. नवीन चेन जुन्या दात्यांवरून उड्या मारते.

तेल चेनचंच वापरा. गाडीचं काढलेलं काळं ऑइल नको, त्यात इंजिनाचा सगळा कचरा असतो. खोबरेल तर नकोच. डिसेंबरात डब्यात थिजतं तसं चेनवरही थिजतं, वर धूळ धरतं. प्रत्येक सांध्याला एक थेंब, पाच मिनिटं उलटं पॅडल आणि मग फडक्याने बाहेरून कोरडी पुसून काढायची. पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी.

हीच सायकल घेऊन कोकणात

दिवाळीच्या आसपास हे विचारायला येणारे वाढतात. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याच्या फेरीबोटीतून वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. पुढे दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन फेरीबोटी धरून गणपतीपुळे. याला सव्वा लाखाची टूरिंग सायकल लागत नाही. साधी हायब्रिड, म्हणजे रोडबाइक आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल, चालते, पण ती तशीच न्यायची नाही.

आधी गिअर. घाटाची भीती सगळ्यांना असते, त्रास देतात किनाऱ्यावरचे चढ. प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि लगेच पलीकडे उभं चढायचं, दिवसभर. पुढे पॅडलपाशच्या चक्राला ४२ दाते, मागच्याला २८ असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सव्वातीन मीटर जाते. सामान लादून त्या चढांवर हे ओढत नाही. पुढे २८, मागे ३४ केलं की तेच पावणेदोन मीटरवर येतं. चाल मंदावते, पण उतरून ढकलावं लागत नाही. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर इथे घाला.

मग मागचं चाक. सामान कॅरिअरवर असतं आणि तुमचंही बहुतेक वजन मागेच, त्यामुळे आरा तुटतो तो मागचा, आणि तोही बहुधा उजव्या बाजूचा, फ्रीव्हीलच्या मागे हात न पोचणारा. ३६ आऱ्यांचं चाक असेल तर उत्तम. निघण्याआधी चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढून सगळे आरे सारखे ताणून घ्या, त्याच मापाचे दोन-तीन आरे फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवा. वाटेत तुटलाच तर तुटलेला शेजारच्याला गुंडाळा, त्याच्या दोन्ही बाजूंचे, म्हणजे डावीकडून येणारे आरे अर्धा-एक फेरा सैल करा. रिम ब्रेकला घासायची थांबली की पुढच्या गावापर्यंत जाता येतं. यासाठी आऱ्याची चावी जवळ हवी. ती काड्यापेटीएवढीही नसते, तरी लोक विसरतात.

कॅरिअरवर किती किलो चालतील ते लिहिलेलं असतं, बऱ्याचदा २५. तेवढं भरायची गरज नाही. बारा किलोंत आठवडा निघतो. जड वस्तू पॅनिअरच्या, म्हणजे कॅरिअरच्या बाजूंना लटकणाऱ्या बॅगेच्या, तळाशी, वर कपडे. बॅग इतकी मागे बसवा की टाच तिला लागणार नाही. कॅरिअरचे बोल्ट पहिल्या दिवशी संध्याकाळी चार नंबरच्या ॲलन कीने तपासा. खडबडीत रस्त्यावर ते सैल होतात आणि आवाज आला की लोक दुसरीकडेच शोधत बसतात.

टायर ३५ ते ४० मिलिमीटर. ब्रेक शू नवे घाला आणि जुने निम्मे झिजलेले फेकू नका, ते बरोबर न्या. घाट उतरताना ब्रेक धरून ठेवायचा नाही: दाबा, वेग तोडा, सोडा. सतत घासत राहिलं तर रिम चटका बसेल इतकी तापते.

निघायच्या किमान आठवडाभर आधी सायकल आणा, आदल्या संध्याकाळी आणलीत तर आम्ही फक्त हवा भरून देऊ. येताना बॅगा भरलेल्या घेऊन या. रिकाम्या सायकलचा गिअर नीट पडतो, सामान लादल्यावर बिघडलेला कळतो. स्टँडवर न लावता रस्त्यावर एक चक्कर मारून बघू. कामाचे दर काउंटरवर लावलेले आहेत.