गोरिला ट्रेकिंग की हॅबिच्युएशन? फरक तासांचा नाही

युगांडाला निघालेला प्रत्येक जण एकदा तरी विचारतोच: "गोरिलांजवळ ट्रेकिंगला एक तास मिळतो, हॅबिच्युएशनला (म्हणजे कळपाला माणसांची सवय लावणाऱ्यांसोबत जाण्याला) चार. मग थोडे जास्त भरून तेच घ्यावं ना?" नाही! आणि हॅबिच्युएशनला ‘प्रीमियम ट्रेकिंग’ म्हणणाऱ्यांना युगांडातल्या ब्विंडी जंगलाच्या खाजऱ्या पाल्यात अर्धी चड्डी घालून सोडावं.

ट्रेकिंग म्हणजे जंगलात चालत जाऊन गोरिला पाहणं. जास्तीत जास्त ८ पाहुणे, वय किमान १५, परदेशी माणसाला परवाना युगांडात ८०० डॉलर, रवांडात १५००. गोरिला दिसले की एका तासाचं घड्याळ सुरू. (ट्रेक म्हटलं की आपल्याला गड आठवतो; इथे माथा नसतो आणि वाट बऱ्याचदा कोयत्याने पाडावी लागते.)

घोळ होतो तो कळपावरून. ट्रेकिंगचा कळप सरावलेला असतो. सरावलेला म्हणजे माणसाळलेला नव्हे. त्याला कुणी खाऊ घालत नाही, हात लावत नाही. माणसं फक्त रोज जाऊन जवळपास बसतात. असं दोन-तीन वर्षं चाललं की कळप त्यांच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. तुम्ही पैसे मोजता ते या दुर्लक्षाचे. सिल्व्हरबॅक (रुपेरी पाठीचा प्रौढ नर) पाठ फिरवून देठ सोलत बसतो, पिल्लं वेलींना लोंबकळतात.

हॅबिच्युएशनचा कळप अजून बुजरा असतो. ब्विंडीच्या दक्षिणेला, रुशागाहून, चारच पाहुणे ट्रॅकर्सबरोबर निघतात. आधी कालची घरटी गाठायची (गोरिला रोज रात्री नवं बांधतात), तिथून माग काढायचा. कळप सापडला तरी थांबेलच असं नाही. हलणारी पानं, एक काळी पाठ, की पुन्हा उतारावर पाठलाग. नर छाती बडवतो, कधी अंगावर धावून आल्याचं सोंग करतो. पळायचं नाही, खाली बसायचं, नजर झुकवायची. ट्रॅकर घसा खाकरल्यासारखा दुहेरी आवाज काढतो. तो गोरिलांचाच, ‘सगळं ठीक’ सांगणारा. झाडीतून तसाच आवाज परत आला तर दिवस चांगला.

एकदाच जाणार असाल, फोटो हवे असतील, तर ट्रेकिंगच. पैसे उरले तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कळपाचा परवाना काढा. हॅबिच्युएशन चार तासांत चार धड फोटो न मिळाले तरी न कुरकुरणाऱ्यांसाठी.

सर्दी-खोकला असेल तर दोन्हीकडे जाऊ नका. आपला साधा संसर्ग त्यांच्या जिवावर बेतू शकतो.