मोतीबिंदू : सोलापूर परिसराच्या संदर्भात

मोतीबिंदू : डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होत जाऊन नजर अंधूक होण्याचा विकार. भिंग पूर्ण पांढरे झाले की बाहुलीत मोती ठेवल्यासारखा दिसतो, त्यावरून हे नाव पडले. सोलापुरात त्याला एकच नाव नाही. पूर्वभागातल्या तेलुगूभाषक विणकरांच्या घरी ‘शुक्लं’ म्हणतात, अक्कलकोटकडची कानडी मंडळी ‘पोरे’ म्हणतात, कुणी ‘मोतिया’ म्हणते, तर खेड्यातली म्हातारी माणसे ‘डोळ्यावर पडदा आलाय’ एवढेच सांगतात. कानडी ‘पोरे’ म्हणजेही पातळ पापुद्रा. ही पडद्याची कल्पना सोयीची असली तरी फसवी आहे. मोतीबिंदू डोळ्यावर येत नाही, तो डोळ्याच्या आत, बाहुलीमागच्या भिंगातच होतो. म्हणूनच वरून थेंब टाकून, मध घालून किंवा अंजन लावून तो विरघळत नाही. आजवर तसे कोणतेही औषध सिद्ध झालेले नाही.

हे भिंग साधारण ९ ते १० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. एका पारदर्शक पिशवीत प्रथिनांनी भरलेले तंतू कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. शरीरातल्या बहुतेक पेशी झडतात आणि नव्या येतात, पण इथे जुने तंतू कधीच बाहेर पडत नाहीत. नवे थर वरून चढतात आणि आतले गाभ्यात दाबले जातात. वय वाढते तशी ही प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होतात व प्रकाश विखुरतो. नजर मंदावण्याचे मूळ कारण एवढेच.

गढूळपणा भिंगात कुठे आहे यावर त्रासाचे रूप ठरते. गाभ्याचा मोतीबिंदू पिवळसर-तपकिरी होत जातो आणि डोळ्याला उणे नंबर देतो. त्यामुळे लांबचे धूसर होते, पण काही काळ जवळचे आश्चर्यकारकरीत्या सुधारते. साठीतली आजी चष्मा न लावता सुईत दोरा ओवू लागते आणि घरचे कौतुक करतात. खरे तर ती तपासणीला जाण्याची वेळ असते. दिवसभर हाताजवळ विड्या वळणाऱ्या बाईला हा बदल खटकत नाही. बसचा फलक वाचता येईना, तेव्हा तो लक्षात येतो. भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, मधोमध होणारा मोतीबिंदू याच्या उलट वागतो. बाहुली लहान झाली की नेमका तोच डाग वाटेत येतो, म्हणून भर दुपारच्या उन्हात माणूस चाचपडतो आणि दिवेलागणीला त्याला बरे दिसते. उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुढे जाणाऱ्या आणि वर्षातले बरेच महिने ऊन डोळ्यात खुपणाऱ्या या जिल्ह्यात अशी तक्रार ‘उन्हाचा त्रास’ म्हणून सहज सोडून दिली जाते. बाहेरच्या थरात पाचरीसारखे पट्टे उमटले तर रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरून दिसतात. महामार्गावर ट्रक चालवणाऱ्याला ते आधी जाणवते.

कारणे : वय हे मुख्य कारण. मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो आणि झपाट्याने वाढतो. स्टेरॉइड दीर्घकाळ घेणे, तंबाखूचे धूम्रपान व अतिनील किरण यांचाही संबंध आहे. स्टेरॉइडचा मुद्दा इथे जरा थांबून सांगायला हवा. दमा किंवा सांधेदुखीवर कुणाकडून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्यांनी ‘लगेच आराम’ पडत असेल, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. माराने होणारा मोतीबिंदू तरुणांत दिसतो. मुलांमध्ये विटी, शेतात बाभळीचा काटा आणि मागावर सुटून उडालेला धोटा (आडवे सूत नेणारे साधन) ही त्याची ओळखीची निमित्ते आहेत. बाळाला जन्मतःही मोतीबिंदू असू शकतो. गरोदरपणातला रुबेला संसर्ग हे त्याचे एक कारण. बाळाच्या बाहुलीत पांढरे दिसले तर एक आठवडाही वाट पाहू नये. न वापरलेला डोळा ‘आळशी’ होतो आणि पुढे भिंग बदलूनही मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकत नाही.

पिकण्याची वाट : मोतीबिंदूबद्दल सर्वांत हट्टी समज ‘पिकू द्या, मग काढू’ हा आहे. तो अडाणीपणातून आलेला नाही. जुन्या पद्धतीत भिंग अख्खे बाहेर काढावे लागे आणि ते कडक झालेले असले तर डॉक्टरांना सोपे जाई. त्या काळचे डॉक्टरच तसे सांगत. शस्त्रक्रिया बदलली, सल्ला मात्र घराघरांत तसाच राहिला. ज्वारी पिकल्यावर काढतात, मोतीबिंदूचे तसे नाही. जितका पिकेल तितका तो कडक होतो, फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि जोखीम वाढते. फार पिकलेले भिंग फुगून किंवा झिरपून डोळ्यातला दाब एकाएकी चढवते. डोळा लाल होतो, असह्य ठणकतो, उलट्या होतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर नजर कायमची जाते. ती परत येत नाही, कारण आता नुकसान दृष्टीच्या नसेचे झालेले असते. काचबिंदूतही नुकसान होते ते याच नसेचे. मोतीबिंदू व काचबिंदू ही नावे सारखी वाटली तरी पहिल्यात गेलेली नजर शस्त्रक्रियेने मिळते, दुसऱ्यात मिळत नाही. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रियेची वेळ झाली, हा आजचा निकष आहे. मग ते काम सूत सांधण्याचे असो की पोथी वाचण्याचे.

पुढे ढकलण्याला निमित्ते नेहमीच तयार असतात : सुगी होऊ दे, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा होऊ दे, आषाढी होऊ दे. यात ‘उन्हाळ्यात डोळ्याचे ऑपरेशन करू नये’ ही समजूत सर्वांत जुनी. सुश्रुतसंहिता या प्राचीन वैद्यकग्रंथाच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील, म्हणजे मोतीबिंदूसारख्या दृष्टिनाशावरील, शस्त्रकर्म फार उष्ण वा फार थंड नसलेल्या काळात करावे असे म्हटलेच आहे. रुग्णाला बसवून, स्वतःच्या नाकाकडे पाहायला सांगून, शलाकेने आतला दोष बाजूला सारण्याची ती पद्धत होती. जंतुनाशके आणि प्रतिजैविके नसताना ऋतूची काळजी रास्त होती. आज शस्त्रक्रियागृह बाराही महिने तेच असते. घाम डोळ्यात जाऊ न देणे एवढेच पथ्य मे महिन्यात जास्त पाळावे लागते.

इतिहास : भिंग बाजूला सारण्याऐवजी बाहेर काढण्याची पद्धत फ्रेंच शल्यविशारद जाक दाव्हिएल याने १७४७ मध्ये रुजवली. भिंग निघाले तरी त्याच्या जागी काही नसे. म्हणून दोनशे वर्षे रुग्णांच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा राहिला. सोलापुरातल्या जुन्या घरांतल्या फोटोंत आजोबांचे डोळे त्यामागे मोठे झालेले दिसतात. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या प्लास्टिक काचेचे तुकडे डोळा मुकाट सहन करतो, हे हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिले आणि १९४९ मध्ये लंडनला त्याच प्लास्टिकचे पहिले कृत्रिम भिंग बसवले. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची ‘फेको’ पद्धत आणली. ती त्यांना दाताच्या डॉक्टरकडच्या यंत्रावरून सुचली होती. भारतात १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये भिंगे बनू लागली आणि त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. तरीही २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूचेच निघाले. उपाय उपलब्ध असूनही हा आकडा इतका मोठा आहे, याचा दोष उशिराकडे आणि अंतराकडे जातो.

शस्त्रक्रिया : आधी साखर, रक्तदाब आणि डोळ्यातला दाब पाहतात, डोळ्याच्या आतला मागचा पडदा (दृष्टिपटल) तपासतात आणि डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर काढतात. फेकोत दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून भिंग फोडून काढतात आणि त्याच्याच पिशवीत घडीचे कृत्रिम भिंग सोडतात. ‘बिनटाक्याचे’ म्हणतात त्या दुसऱ्या पद्धतीत सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करून गाभा अख्खा काढतात. तिला यंत्र लागत नाही, खर्च कमी येतो आणि फार पिकलेल्या मोतीबिंदूला ती बऱ्याचदा अधिक सुरक्षित ठरते. शिबिरात हीच झाली म्हणून ‘हलकी’ झाली असे समजणे चूक आहे. एकाच अंतराचे साधे भिंग बहुतेकांना पुरते, वाचायला मात्र चष्मा लागतो. महागडे बहुकेंद्री भिंग चष्मा कमी करते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दाखवू शकते. रात्रीच्या चालकाने ते घेण्याआधी दोनदा विचार करावा.

सोलापूर शहरात ‘सिव्हिल’, म्हणजे १९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय, हा मोठा सरकारी आधार आहे. खासगी व धर्मादाय नेत्ररुग्णालये आणि तालुक्यांतून रुग्ण आणणारी शिबिरे त्याच्या जोडीला आहेत. शिबिरात जाताना मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि सोबत एक माणूस असावा. पहिल्या गोष्टीअभावी अनेकांना परत पाठवले जाते.

नंतर चार ते सहा आठवडे थेंब चालतात. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, चुलीच्या धुरापासून आणि मागावर उडणाऱ्या सुताच्या बारीक तंतूंपासून जपायचे. दुखणे वाढले, डोळा लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा घटली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण तो तासांच्या हिशेबाने वाढतो. पट्टी निघाल्यावर अनेकांना निळा रंग अचानक गडद दिसतो, कारण जुने पिवळट भिंग तो अडवत होते. रंगीत चादरी विणण्यात आयुष्य गेलेली माणसे हे सर्वांत आधी बोलून दाखवतात. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर झाले तर ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात. तो येत नाही. भिंगामागची पिशवी जाड होते, आणि बाह्यरुग्ण विभागात लेझरने तिला काही मिनिटांत झरोका पाडता येतो.