ग्रिपर दाबणं वेगळं, रॉड धरून ठेवणं वेगळं

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा जड रॉड उचलून सरळ उभं राहताना, ग्रिप (हाताची पकड) सुटायला लागली की पोरं पहिलं काय करतात तर हँड ग्रिपर विकत आणतात. मग दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या, सोलापूरच्या सात रस्त्याला चहाला थांबल्यावर, गाडीच्या मागे बसल्यावर, सारखं कचकच कचकच चालू. दोन महिन्यांनी ग्रिपर आरामात बंद होतो आणि रॉड मात्र तिथंच सुटतो जिथं आधी सुटत होता. मग म्हणतात, "आपला हातच बारीक हाय बे, आपल्याला जमणार नाही." हात बारीक नाही, व्यायाम भलताच निवडलाय. आणि जिममधले कोचसुद्धा बिनधास्त ग्रिपरच सांगायलेत म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

ग्रिपर सगळ्यांनी दाबलेला असतो, त्याच्यावर जास्त बोलत नाही. स्प्रिंग असते, मूठ आवळायची, दांडे एकमेकांना टेकवायचे, सोडायचं. त्याची स्वतःची एक दुनिया आहे, कॅप्टन्स ऑफ क्रश या ग्रिपरच्या ब्रँडचा नंबर ३ म्हणजे २८० पाउंडाचा ग्रिपर बंद करणं जगभर मोठ्या मानाचं समजतात, आणि ते आहेच. पण ती मूठ आवळायची ताकद.

रॉडला लागते ती मूठ उघडू न देण्याची ताकद. सगळा गोंधळ हितं आहे.

पूर्ण भरलेली बादली घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाताना आपण कडी दाबत नसतो, कडीच बोटं उघडायला बघत असते आणि आपण तिला उघडू देत नसतो. डेडलिफ्टमध्ये तेच होतं, फक्त वजन कैक पटीनं जास्त. बोटं हलत नाहीत, एकाच जागी ताणून धरलेली असतात, आणि पाच रेपचा जड सेट (म्हणजे सलग पाच वेळा उचलून खाली ठेवणं) म्हटला तर वीस-तीस सेकंद सहज जातात. ग्रिपरचा एक दाब संपतो सेकंदात, मग सोडलं की हाताला आराम. ती सवय लांबलचक धरण्याच्या कामाला येत नाही.

दुसरं म्हणजे बोटं कुठल्या वाकात असतात ते. ग्रिपर सगळ्यात जड लागतो तो अगदी शेवटी, मूठ जवळजवळ मिटलेली असते तेव्हा. रॉड असतो २८-२९ मिलिमीटर जाडीचा, त्याच्याभोवती मूठ कधीच पूर्ण मिटत नाही, बोटं अर्धवट उघडीच राहतात. आणि एका जागी धरून केलेल्या व्यायामाचं असं असतं की ज्या वाकात मेहनत केली त्याच्या आसपासच ताकद जास्त वाढते. मिटलेल्या मुठीत कमावलेलं अर्धवट उघड्या बोटांत सगळंच्या सगळं मिळत नाही.

तिसरं, जे कोणीच सांगत नाही, रॉड फिरतो. ग्रिपरचे दांडे हातात फिरत नाहीत, रॉड मात्र वजन चढलं की गोल फिरत तळव्यातून बोटांच्या टोकाकडे सरकायला बघतो, आणि त्याला अडवायला अंगठा लागतो. ग्रिपर दाबताना अंगठ्याला जवळपास कामच नसतं! म्हणूनच एक हात उलटा (तळवा पुढे), एक सुलटा (तळवा आपल्याकडे) अशी मिक्स ग्रिप घेतली की लगेच फरक पडतो, कारण रॉड एका हातातून ज्या बाजूला फिरून निसटणार त्याच बाजूला दुसऱ्या हातात घट्ट बसतो. हूक ग्रिपमध्ये अंगठाच बोटांखाली दाबून लॉक करतात, सुरुवातीला जाम दुखतं, पण स्नॅच आणि क्लीन अँड जर्कवाल्यांना, म्हणजे वेटलिफ्टिंगवाल्यांना, पर्यायच नाही. मला स्वतःला हूकच आवडते, कारण मिक्समध्ये उलट्या हाताचा कोपर जरा वाकला तर बायसेप फाटायचा धोका असतो.

खात्री करायची असेल तर जिथं ग्रिप सुटते त्याच वजनाला एकदा स्ट्रॅप (मनगटात घालून रॉडला गुंडाळायचा पट्टा) लावून बघा. आरामात उठलं तर पाठ-पाय तयार आहेत, मागं राहिलाय तो हात. नाही उठलं तर उगाच ग्रिपला दोष देऊ नका.

पिंच ग्रिप, म्हणजे प्लेट चिमटीत धरणं, अंगठ्याला चांगली, अधूनमधून करा. रिस्ट कर्लनं मनगट तयार होतं, त्याचा या प्रश्नाशी फार संबंध नाही.

मग करायचं काय, तर धरायचं. वॉर्मअपचे सगळे सेट दोन्ही हात सुलटे ठेवून, स्ट्रॅप नाही, मिक्स नाही. शेवटच्या सेटचा शेवटचा रेप वर नेला की लगेच खाली सोडू नका, दहा-पंधरा सेकंद धरून उभे रहा. जड डंबेल घेऊन चाला. आणि आपल्या सोलापुरात टॉवेलला काय तोटा, एक जाड टर्किश टॉवेल सिंगल बारवर टाकायचा, दोन्ही टोकं धरून लटकायचं, बास. तालमीत दोर चढणाऱ्या पोरांचा पंजा बघा, त्यातल्या कितीकांनी ग्रिपर हातात पण घेतला नसेल. तोच टॉवेल रॉडला गुंडाळून रॉड जाड करून पण धरता येतो.

आता ग्लोव्हज. काढा ते. वेटलिफ्टिंगमध्ये पुरुषांचा रॉड २८ मिलिमीटरचा आणि बायकांचा २५ चा असतो, म्हणजे तीन मिलिमीटरला एवढी किंमत आहे, आणि आपण पैसे देऊन हातात फोम घालून रॉड अजून जाड करून घ्यायलोय. घट्टे पडतात तर पडू द्या, फार वाढले की घासून सपाट करा.

एप्रिल-मेच्या उन्हात तळव्याला घाम येतो म्हणून टाल्कम पावडर लावणारे बघितले की मला राहवत नाही. टाल्कम निसरडं असतं! ते डेडलिफ्टवाले मांडीला लावतात, रॉड घासू नये म्हणून. हाताला लागतो तो चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. पांढरी पावडर दोन्ही, काम बरोब्बर उलटं. जिमवाले चॉक सांडतो म्हणून ओरडत असतील तर लिक्विड चॉक घ्या, सांडत नाही.

स्ट्रॅपला माझा विरोध नाही. आइसलँडच्या स्ट्राँगमॅन हाफथोर ब्योर्नसननं २०२० ला डेडलिफ्टमध्ये ५०१ किलो उचललं ते स्ट्रॅप लावूनच. पण डेडलिफ्ट ज्यात असते त्या पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाहीत, म्हणून ज्याला स्पर्धेत उतरायचंय त्यानं स्ट्रॅप पाठीच्या जादा सेटपुरतेच ठेवावेत, मेन सेट उघड्या हातानं.

ग्रिपचं काम आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, आणि डेडलिफ्टच्या नंतर, आधी कधीच नाही, नाहीतर थकलेल्या हातानं रॉड धरायला जाल. स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) वेळ लागतो, त्यामुळं कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर लटकणं आणि धरणं थोडे दिवस कमी करा. आणि हो, त्या दिवसांत ग्रिपर पण लांबच ठेवा, ताण त्याच कंडरांवर येतो.