सिगारेटमुळे लपून राहणारा हिरड्यांचा आजार

युरोपात तंबाखू पोहोचली ती औषध म्हणून. सोळाव्या शतकात स्पेनचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनी तिचे जे गुण गायले, त्यांत दातदुखीवरचा उतारासुद्धा होता. ती तोंडाचं नुकसान करते हे सिद्ध व्हायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या हिरड्यांवर दुखरे व्रण उठत, तोंडाला असह्य दुर्गंधी येई. या आजाराला ‘ट्रेंच माउथ’, म्हणजे खंदकातलं तोंड, असंच नाव पडलं. १९४७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स पिंडबोर्ग यांनी दाखवलं, की हे व्रण धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कितीतरी जास्त आढळतात. पण त्याचा अर्थ सोयीने लावला गेला: ही माणसं दात नीट घासत नाहीत, दोष अस्वच्छतेचा. १९६५ मध्ये दंतसंशोधक हाराल्ड ल्यो यांच्या प्रयोगाने या समजुतीला बळच मिळालं. निरोगी स्वयंसेवकांनी दात घासणं थांबवलं आणि तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या. निष्कर्ष अगदी बरोबर होता, पण त्यामुळे धूर नजरेआड झाला.

नजरेआड होण्याचं आणखी एक कारण होतं, आणि मला तेच सर्वांत घातक वाटतं. हिरडी तपासताना दंतवैद्य दात आणि हिरडी यांच्या फटीत खुणा केलेली बारीक सळई अलगद सरकवतात. निरोगी फट साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. सळई त्याहून आत गेली आणि रक्त आलं, की आजाराची शंका पक्की होते. सिगारेट ओढणाऱ्याच्या तोंडात हीच सळई पाच-सहा मिलिमीटर आत जाते, तरी रक्ताचा थेंब दिसेलच असं नाही. वरून हिरडी फिकट, घट्ट, बऱ्यापैकी ठणठणीत दिसते आणि आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत असतं. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये यान बेरिस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नेमकं पकडलं: दातांवरचा जंतूंचा थर सारखाच असला तरी धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. म्हणजे ज्या खुणेवरून माणूस सावध व्हायचा, तीच धूर रक्तप्रवाह दाबून पुसून टाकतो. शिवाय जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काम बिघडतं, जखमा भरायला वेळ लागतो.

२००० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतून दिसलं, की धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हाड झिजवणाऱ्या या हिरड्यांच्या आजाराची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट असते. तिथल्या सर्जन जनरल, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांच्या, २००४ च्या अहवालाने कार्यकारणसंबंध स्पष्टपणे मान्य केला. हिरड्यांच्या आजारांच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर रोजच्या सिगारेटींची संख्याच मोजली जाऊ लागली. दहा किंवा त्याहून जास्त असतील तर आजार झपाट्याने वाढणाऱ्या गटात धरला जातो.

सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांतच हिरड्यांतून रक्त जास्त येऊ लागतं. ते पाहून कित्येक जण घाबरतात, पण दबलेला रक्तप्रवाह पूर्ववत होत असल्याचं ते लक्षण आहे. दंतवैद्याकडे जाऊन दात साफ करून घेण्याची हीच वेळ असते, कारण झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.