कंबरदुखीत ईएमजी-एनसीव्ही: तपासणीमागचा इतिहास

कंबरदुखीच्या रुग्णाला एमआरआय झाल्यावरही कधी कधी ईएमजी-एनसीव्ही (ईएमजी म्हणजे स्नायूतली विद्युत हालचाल सुईने टिपणे, एनसीव्ही म्हणजे नसेतून संदेश धावण्याचा वेग मोजणे) करायला सांगतात, त्याचे कारण या तपासणीच्या इतिहासात सापडते. बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने धावतो हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्येच मोजले होते. स्नायूच्या आतली सूक्ष्म विद्युत हालचाल टिपणारी सुई मात्र 1929 मध्ये एड्रियन आणि ब्रॉन्क यांनी तयार केली. पोकळ सुईत तार बसवून त्यांनी तो संकेत ध्वनिवर्धकावर ऐकवला, आणि आजही तपासणारे डॉक्टर पडद्यावरच्या रेषांबरोबर तो आवाज कान देऊन ऐकतात.

मणक्यातली सरकलेली गादी नसेचे मूळ दाबते आणि त्यातून सायटिका (कमरेतून पायात उतरणारी कळ) होतो, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी 1934 मध्ये ठसठशीतपणे मांडले. नस तुटलेल्या स्नायूचे तंतू विश्रांतीतही आपोआप विद्युत स्पंदने सोडतात, हे डेनी-ब्राउन आणि पेनीबेकर यांनी 1938 मध्ये स्पष्ट केले. हे दोन धागे 1950 च्या सुमारास जुळले आणि कोणते मूळ दाबले आहे हे सुईने शोधले जाऊ लागले. पायाचा अंगठा वर उचलणारा स्नायू आणि नितंबाच्या बाजूचा स्नायू यांच्या नसा वेगळ्या असल्या, तरी दोघांना मुख्यतः कमरेचे पाचवे मूळच पुरवठा करते. म्हणून दोन्ही ठिकाणी बिघाड दिसला, तर संशय त्या मुळावर जातो. सुईने टिपला जाणारा हा बिघाड पायाच्या स्नायूंत उमटायला नस दबल्यापासून दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे घाईने केलेली तपासणी फसवी ठरू शकते.

एमआरआय आल्यावर ही तपासणी मागे पडेल असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु 1994 मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय पाहिले, तेव्हा सुमारे 64 टक्क्यांच्या गाद्यांमध्ये काही ना काही दोष निघाला. चित्र रचना दाखवते, नसेचे काम दाखवत नाही. तरीही पायात काहीच लक्षण नसलेल्या निव्वळ कंबरदुखीत सुई टोचून फारसे हाती लागत नाही, आणि वेदना वाहणारे बारीक तंतू या तपासणीत मोजलेच जात नाहीत. म्हणून अहवाल ‘नॉर्मल’ आला की दुखणे खोटे ठरवणे हा रुग्णावर अन्याय आहे.

आपल्याकडे या तपासणीचा मोठा उपयोग मधुमेही रुग्णांत होतो. पाय बधिर होण्याचे कारण मधुमेह की दबलेले मूळ, हा पेच नेहमीचा असतो. मूळ सहसा संवेदी पेशींच्या गाठीच्या अलीकडे, म्हणजे मज्जारज्जूच्या बाजूला दबते, त्यामुळे पायातील संवेदी नसेचा संकेत बहुधा शाबूत राहतो. मधुमेहाने मोठे तंतू झिजले असतील, तर तो दोन्ही पायांत क्षीण होतो.