सेफ्टी शूजवरचा क्रमांक काय सांगतो?

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा बाहेर पडणाऱ्या कामगारांच्या पायांतले काळे, जाड तळव्याचे बूट बहुतेक एकाच घाटाचे दिसतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १५२९८ या मानकाने मात्र त्यांचे वेगवेगळे वर्ग केले आहेत. मानकाच्या दुसऱ्या भागात बसणाऱ्या बुटाच्या टोकातील कडक टोपीने २०० जूल ऊर्जेचा आघात सोसला पाहिजे. तिसऱ्या भागासाठी ही अट १०० जूलची आहे आणि चौथ्या भागातल्या बुटाला अशी टोपी असणे बंधनकारकच नाही. २०० जूल म्हणजे २० किलोचे वजन सुमारे एक मीटर उंचीवरून बोटांवर पडणे. प्रयोगशाळेत तसेच वजन बुटाच्या टोकावर सोडतात. टोपीखाली आधी मऊ मातीचा छोटा दंडगोल ठेवलेला असतो आणि आघातानंतर तो किती उंचीचा उरला हे मोजतात, कारण टोपी शाबूत राहूनही ती आत दबली आणि बोटांना जागाच उरली नाही, तर तिचा उपयोग काय?

तळव्यातून खिळा आत घुसू नये याची चाचणी वेगळी असून त्यात उतरलेल्या बुटावर ‘पी’ हे अक्षर असते. बांधकामावर, जिथे खिळे वर आलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या पडलेल्या असतात, तिथे हे अक्षर पाहूनच खरेदी व्हावी.

धुळीच्या बाबतीत तर वरवरच्या साम्यावर अजिबात विसंबून राहता येत नाही. फाउंड्रीतल्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातल्या, वाळूत सिलिका असते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसांत खोलवर जाऊन बसतात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर पूर्ण बरे करणारा उपचार आजही नाही. तोंडाला बांधलेला रुमाल मोठी धूळ अडवतो, हे बारीक कण बहुतांशी अडवत नाही. आयएस ९४७३ या मानकाच्या मास्कमध्ये मोठे कण आपल्या वेगामुळे वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण हवेत इतस्ततः भरकटताना चिकटतात आणि साधारण ०.३ मायक्रॉनचे, दोन्ही प्रकारे निसटणारे कण पकडण्यासाठी तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो. असा मास्क साबणाने धुतला की हा भार नाहीसा होतो. मास्क स्वच्छ दिसतो, पण गाळण्याची ताकद घटलेली असते. शिवाय दाढी वाढलेली असेल, तर हवा गाळणीतून न जाता कडेच्या फटीतून आत येते.

संरक्षक साधन चुकीच्या जागी वापरले तर तेच घातक ठरते. ड्रिल किंवा लेथवर, म्हणजे फिरत्या भागाजवळ, हातमोजे घालू नयेत. मोज्याचा एक धागा अडकला तरी हात आत ओढला जातो. तिथे यंत्राला गार्ड बसवणे हाच खरा उपाय आहे, आणि एकूणच धोका मुळात दूर करणे शक्य असताना सगळा भार कामगाराच्या अंगावरच्या साधनांवर टाकणे मला गैर वाटते.

कायद्याचा रोखही तोच आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती होती, कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या आणि कलम ३६ मध्ये बंदिस्त टाक्यांत विषारी वायू असताना उतरणाऱ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती, तर कलम ११४ नुसार मालकाने पुरवायच्या साधनांचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मनाई होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेनेही सुरक्षेसाठी केलेल्या कोणत्याही व्यवस्थेचे पैसे कामगाराकडून घेण्यास बंदी घातली आहे. बुटांचे पैसे पगारातून कापले जात असतील, तर ते बेकायदेशीर आहे, हे प्रत्येक कामगाराला ठाऊक असायला हवे. दुसऱ्या बाजूने, दिलेले साधन न वापरणे किंवा मुद्दाम बिघडवणे हा कामगाराकडूनही कर्तव्यभंग ठरतो.

सुरक्षा पादत्राणांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश केंद्राने २०२० मध्ये काढला. या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या मालासाठी आहे, ते दिसते. खरेदी करणाऱ्या व्यवस्थापकाने बिल चुकवण्याआधी ही तपासणी करावी.